नाक न बुडवणाऱ्या गाड्या : वेगळ्या पुढच्या सस्पेन्शनची सवय कशी करावी

टेलिलीव्हर म्हणजे ब्रेकवर नाक फारसं न बुडू देणारं बीएमडब्ल्यूचं पुढचं सस्पेन्शन. तसली गाडी पहिल्यांदा हातात आली ती मित्राची, बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस. मुळशीच्या रस्त्यावर एका म्हशीनं अचानक पलीकडे जायचं ठरवलं आणि मी नेहमीसारखा पुढचा ब्रेक ओढला. एरवी अशा वेळी शॉकअप बसतात, नाक खाली जातं, आपण टाकीवर सरकतो. इथे गाडी परातीतल्या पाण्यासारखी सपाट. डोक्यानं त्याचा अर्थ 'ब्रेक लागलाच नाही' असा लावला, बोटांनी आणखी दाबलं, आणि गाडी म्हशीच्या बरीच अलीकडे खाडकन उभी राहिली. मागे बसलेल्या भावाचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. म्हैस निवांत गेली.

ब्रेक चोख होता, फसला तो माझा अंदाज. वीस वर्षं मी ब्रेकचा जोर शॉकअप किती बसला यावरून मोजत आलो होतो आणि तसं मोजतोय हे मला ठाऊकही नव्हतं. ज्या गाडीत ते मोजमापच काढून घेतलंय, ती चालवताना काय काय वाटतं आणि तिची सवय टप्प्याटप्प्यानं कशी करायची, ते इथे लिहितोय.

नेहमीचा चिमटा काय सांगत असतो

चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क: दोन नळ्या, आत स्प्रिंग, तेल, वर ऑइल सील. तेलाचं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणं) असलेला टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ वर बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो इतका पसरला की आज 'पुढचे शॉकअप' म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. स्वस्त, हलका, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारा. पण बिचाऱ्यावर तीन कामं एकदम लादलेली आहेत: खड्डा गिळायचा, चाक वळवायचं आणि ब्रेकचा मागे रेटणारा जोर सोसायचा. ब्रेक जोरात लागला की नळ्या किंचित वाकतात, एकमेकींवर घासतात, आणि नेमका तेव्हाच खड्डा आला तर चिमटा अर्धवट अडकतो. गतिरोधकावर चढतानाही ब्रेक धरून ठेवला तर मनगटाला जो ठणका बसतो, त्याचं एक कारण हे.

दुसरी गोष्ट भूमितीची. हँडलच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. हे अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त तर गाडी सरळ जायला हट्टी, कमी तर वळायला चपळ. समजा दांडा २५ अंश कललेला आहे आणि ट्रेल १०० मिमी आहे. ब्रेक लावल्यावर गाडी पुढून ५० मिमी बसली आणि मागून वीसेक मिमी उचलली, तर सगळी गाडी जवळपास ३ अंशांनी पुढे झुकते. ट्रेल १०० वरून ८२ च्या आसपास येतो. म्हणजे ब्रेक मारत वळणात शिरताना गाडी आपोआप चपळ होते. आपण ते आपलं कसब समजतो.

तिसरी गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण गैरसमज तिच्यातच जास्त आहे. नाक बुडत नाही म्हणून पुढच्या चाकावर भार येत नाही, असं अजिबात नसतं. गाडी आणि तुम्ही मिळून २५० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, दोन चाकांत १४० सेंटिमीटर अंतर, आणि ब्रेक गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट जोराचा. २५० गुणिले ०.७ गुणिले ६० भागिले १४० : ७५ किलो भार मागून पुढे सरकला. या हिशेबात चिमट्याचं नाव कुठेही नाही. शॉकअप बसो, न बसो, टायरवर येणारा भार तोच. फरक पडतो तो कुठल्या वाटेनं येतो यात: स्प्रिंग दाबून, की थेट दांड्यांमधून.

कुठल्या गाडीत काय

यातले काही प्रकार तुमच्या घरात येऊन गेलेले असतील. आकुर्डीत बनलेली बजाज चेतक, किंवा तिचं मूळ असलेली १९४६ ची व्हेस्पा, दोघींनाही पुढे चिमटा नाहीच. चाकाच्या एकाच बाजूला एक वाकडा खांब, त्याच्या खालच्या टोकाला छोटी लिंक, आणि चाकाचा आस लिंकच्या सांध्याच्या मागे. याला ट्रेलिंग लिंक म्हणतात. ब्रेकचा पीळ लिंकला वर ओढतो, म्हणून जुनी चेतक पुढच्या ब्रेकवर अगदी नाक खुपसायची. बारामतीत बनणाऱ्या आताच्या व्हेस्पातही मांडणी हीच आहे, फक्त तिच्यात नाक बुडू नये म्हणून सोय केलेली आहे. ॲक्टिव्हाही ५जीपर्यंत खालच्या लिंकवरच होती. २०२० च्या ६जीत टेलिस्कोपिक आला.

आस सांध्याच्या पुढे ठेवला की होते लीडिंग लिंक, आणि सगळं उलटं होतं: ब्रेक दाबला की गाडी पुढून वर उठते. १९५८ ची होंडा सुपर कब अशीच. याच कल्पनेचा मोठा, चाकाला वळसा घालून मागे सांधा असलेला प्रकार म्हणजे अर्ल्स फोर्क, इंग्लंडच्या अर्नी अर्ल्स यांचा. बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ तो वापरला. त्याच घराण्यातला लांब लिंकचा फोर्क आपल्याकडच्या राजदूत १७५ ला होता. पोलंडच्या एसएचएल एम११ वरून एस्कॉर्ट्सनं घेतलेली ती गाडी. आमच्या आबांकडे होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये आबा आणि टाकीवर मी. ती ब्रेकवर नाक बुडवायची नाही, पुढून ताठ व्हायची. आबा म्हणायचे, "घोडी मान वर धरून थांबती बघ." पुढे टेलिस्कोपिक गाडी आली तेव्हा तिच्या पहिल्या डुबकीला ते चक्क घाबरले होते. माझ्या म्हशीच्या प्रसंगाची ही उलटी बाजू.

मोठ्या गाड्यांत तीन घराणी लक्षात ठेवली की पुरे. टेलिलीव्हर आलं १९९३ ला, आर ११०० आरएसवर. दिसायला दोन नळ्या असतात, पण त्यांचं काम चाकाला दिशा देणं एवढंच. खड्डे सोसते ती इंजिनाला जोडलेली ए आकाराची आडवी भुजा आणि तिच्यावरचा एकच शॉकअप. जीएस मालिकेत ते आर १३०० जीएसपर्यंत सुधारत आलेलं आहे.

दुसरं घराणं नॉर्मन हॉसॅक यांचं. हा स्कॉटिश माणूस मॅक्लॅरेनमध्ये रेसिंगच्या मोटारींवर काम केलेला. मोटारीचे दोन विशबोन (चाक धरणाऱ्या व्ही आकाराच्या भुजा) त्यानं उचलून मोटरसायकलच्या पुढे बसवले. बीएमडब्ल्यूच्या के १२०० एसवर ते 'ड्युओलीव्हर' म्हणून आलं, के १६०० वरही तेच आहे. आणि होंडा गोल्ड विंगनं २०१८ च्या मॉडेलपासून आपला डबल विशबोन आणला. न्यूझीलंडच्या जॉन ब्रिटन यांनी स्वतःच्या शेडमध्ये उभी केलेली व्ही १००० रेसर याच नात्यातली, कार्बन फायबरची. जुना गर्डर फोर्कही यांचा लांबचा पूर्वज. तो संग्रहालयात गेला असं वाटत असतानाच रॉयल एनफिल्डनं २०२४ ला दाखवलेल्या इलेक्ट्रिक फ्लाइंग फ्ली सी६ वर तो पुन्हा दिसला.

तिसरं घराणं चिमटा पूर्ण हद्दपार करणाऱ्यांचं. पुढेही मागच्यासारखा स्विंगआर्म, आणि वळण चाकाच्या तुंब्यात (हबमध्ये) किंवा त्याच्या जवळ. अमेरिकेची नेर-अ-कार १९२० च्या दशकातच चाकाच्या तुंब्यात वळायची. इटलीच्या बिमोटाची टेसी सगळ्यांत गाजलेली. टेसी म्हणजे प्रबंध, कारण पिएरलुइजी मार्कोनी यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून ती निघाली. यामाहानं १९९३ ला जीटीएस १००० आणली, अमेरिकन अभियंता जेम्स पार्कर यांच्या रचनेवर, एकाच बाजूच्या भुजेची. दिसायला देखणी, विक्रीत पडली.

पायरी १ : उभ्या गाडीवर दहा मिनिटं

चावी फिरवायच्या आधी गाडी मुख्य स्टँडवरून उतरवा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसा आणि पुढचा ब्रेक घट्ट धरून गाडी पुढे रेटा. टेलिस्कोपिक असेल तर डुबकी मारेल. टेलिलीव्हर किंवा ड्युओलीव्हर असेल तर जेमतेम हलेल. कबसारखी लीडिंग लिंक असेल तर हँडल तुमच्या छातीकडे वर येईल, आणि हे पहिल्यांदा पाहताना हसू येतंच. आता ब्रेक सोडा आणि हँडलवर सरळ खाली भार द्या. तीच गाडी आता मऊ बसेल. या दोन धक्क्यांमधला फरक शरीराला कळू द्या. स्प्रिंग मऊ आहे, पण ब्रेकच्या वेळी ती दबत नाही. पुढे जे काही वेगळं वाटणार आहे ते सगळं यातून येतं.

मग हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. तुंब्यात वळणाऱ्या गाड्यांत चाकाला भुजांच्या मधल्या पोकळीतच वळावं लागतं, म्हणून हँडल फार कमी फिरतं. टेसीची ही जुनी ओळख आहे: साध्या दुपदरी रस्त्यावर एका दमात यू टर्न मिळत नाही, पुढे-मागे करत वळवावी लागते. पार्किंगमधून काढायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

पायरी २ : चालण्याच्या वेगानं

मोकळ्या पटांगणात पहिल्या गिअरमध्ये आठचा आकडा काढा. इथे अर्ल्स फोर्क आणि राजदूत घराणं लगेच आपलं रूप दाखवतात. त्या चिमट्याचं वजन वळणाच्या अक्षापासून लांब पसरलेलं असतं, त्यामुळे हँडल सुरू व्हायला जड आणि सुरू झालं की थांबायला आळशी. साइडकारवाल्यांना हाच फोर्क प्रिय होता, कारण आडव्या जोराला तो वाकत नाही. बीएमडब्ल्यूनं तर त्याच्या सांध्याला दोन जागा ठेवल्या होत्या, एक एकट्या गाडीसाठी आणि दुसरी साइडकार जोडल्यावर ट्रेल कमी करण्यासाठी.

ड्युओलीव्हरच्या के १६०० वर संथ वेगात मला हँडल आणि चाक यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा उभा असल्यासारखं वाटलं. हँडलचा इशारा कात्रीसारख्या दुमडणाऱ्या दुव्यातून चाकापर्यंत जातो, आणि तो प्रवास हातांना कळतो. कुणी याला 'रबरी' म्हणतात. मला ते मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगसारखं वाटलं: काम होतं, गप्पा होत नाहीत.

पायरी ३ : सरळ रेषेत ब्रेक, खडूच्या खुणांसह

ही पायरी कुणी गाळू नये. रहदारी नसलेला, सुका, सरळ तुकडा शोधा. रस्त्यावर खडूनं एक रेघ मारा, तिच्यापुढे ११ मीटरवर दुसरी, २४ मीटरवर तिसरी. ताशी ४० च्या वेगात पहिल्या रेघेवर ब्रेक सुरू करून ११ मीटरच्या आत थांबलात, तर तुम्ही गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.६ पट जोरानं ब्रेक मारलाय. ६० च्या वेगात तेच काम २४ मीटरमध्ये व्हायला हवं. सुक्या डांबरावर एबीएसवाल्या (ब्रेकवर चाक जाम होऊ न देणाऱ्या) चांगल्या गाडीला हे जड नाही.

सुरुवात ३० ने करा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत तुम्ही बहुतेक दुसऱ्या रेघेच्या खूप अलीकडे थांबाल, नाहीतर एबीएसची थरथर पायाला-हाताला लागेल. माझंही झालं. नाक बुडायची वाट बघत बोटं दाबत राहतात. म्हणून इथे मोजमाप बदलायचं. शॉकअप विसरा आणि तीन ठिकाणी लक्ष द्या. एक, तळहातांवर येणारा तुमचाच भार. गाडी झुकली नाही तरी तुम्ही पुढे ढकलले जाताच. दोन, टाकीला लागलेले गुडघे. तीन, पुढच्या टायरचा आवाज. जोर वाढला की तो सळसळीवरून कण्हण्याकडे जातो. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर नजर रेघेवर ठेवूनही बोटं बरोबर येऊ लागतात.

मित्र बाजूला उभा राहून एवढंच सांगत होता: "अरे, नाकाकडे बघू नकोस. रेघ बघ."

एक बारकावा: टेलिलीव्हर पूर्ण सपाट राहत नाही. चालवणाऱ्याला काहीतरी कळावं म्हणून बीएमडब्ल्यूने थोडी डुबकी मुद्दाम शिल्लक ठेवली आहे. सुरुवातीला ती जाणवतच नाही. पंचविसाव्या फेरीला जाणवू लागते, जशी कमी मिठाच्या जेवणाची चव चार दिवसांनी लागते.

लीडिंग लिंकवाल्या जुन्या गाडीवर हीच कसरत करताना वेगळं जपायचं असतं. गाडी वर उठते तेव्हा पुढचं चाक हलकं झाल्याचा भास होतो आणि माणूस घाबरून ब्रेक सोडतो. चाकावर भार आलेलाच असतो, वर उठला आहे तो सांगाडा.

पायरी ४ : ब्रेक धरून खडबडीतून

या गाड्यांचं खरं सुख इथे आहे. रस्त्यावरचा डांबराच्या लाटा आलेला तुकडा, ट्रक थांबून थांबून सिग्नलच्या आधी पडतात तशा लाटांचा, निवडा. टेलिस्कोपिक गाडीवर मध्यम ब्रेक धरून त्यावरून जा. चिमट्याची निम्मी चाल डुबकीतच खर्च झालेली असते, उरलेल्या निम्म्यात नळ्या घासत असतात. दातांपर्यंत धक्के येतात आणि चाक मध्येच जमीन सोडतं. आता तोच वेग, तोच ब्रेक, तीच जागा, टेलिलीव्हरवर. चाक खाली आपलं काम करत राहतं आणि वर तुम्ही. उताराच्या घाटात, वळणाच्या तोंडाशी खड्डे असलेल्या ठिकाणी, हा फरक मला दर वेळी नवा वाटतो.

गोल्ड विंगवर तर तो डोळ्यांनी दिसतो. मीटरच्या पुढे स्टिअरिंगचा दुवा उघडाच असतो. खराब रस्त्यावर तो शिलाई मशीनच्या सुईसारखा खालीवर होत असतो आणि हातातलं हँडल मात्र स्थिर. पहिले दहा मिनिटं मी रस्त्यापेक्षा त्या दुव्याकडेच जास्त बघत होतो, जे करू नये.

चाल ब्रेकमध्ये खर्च होत नसल्यामुळे कंपनीला स्प्रिंग मऊ ठेवता येते. लांबच्या प्रवासात, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना सामान असताना, हे पाठीला कळतं. प्रत्येक ब्रेकला हेल्मेटची टक्कर होत नाही, हा संसारी फायदा वेगळा. (म्हशीचा प्रसंग सोडून.)

पायरी ५ : वळण

आता नाजूक भाग. टेलिस्कोपिक गाडीवर आपल्याला एक लय लागलेली असते: ब्रेक, डुबकी, ट्रेल कमी, गाडी आत पडते, ब्रेक हळूहळू सोडला की नाक वर येतं आणि बाहेर पडताना गाडी स्थिर होते. या गाड्यांत ट्रेल फारसा बदलत नाही. ब्रेक धरलेला असो वा नसो, वळायची तयारी सारखीच. म्हणून पहिल्या घाटात जवळजवळ सगळ्यांची एकच तक्रार असते: गाडी आत येत नाही, वळणाच्या बाहेर धावते.

ती बाहेर धावत नसते. तुम्ही डुबकीची वाट बघत हँडलला उशिरा इशारा देत असता. उपाय हातांत आहे. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल पुढे, ठरवून, एकदाच ढकला. डावीकडे जायचं तर डावा हात पुढे. आपण हे सगळ्याच गाड्यांवर नकळत करतो. इथे जाणूनबुजून करायचं. ओळखीच्या, रुंद, समोरचं दिसणाऱ्या वळणावर आधी ब्रेकशिवाय चार वेळा जा. मग ब्रेक सरळ रेषेतच संपवून जा. मग ब्रेकचं शेपूट वळणात थोडं आत न्या. तिसऱ्या टप्प्यावर एक गंमत कळेल: ब्रेक सोडताना नाक उसळत नाही, त्यामुळे गाडी आपली रेघ सोडत नाही. वळणाच्या मध्येच रस्त्यावर खडी दिसली आणि पुन्हा थोडा ब्रेक लावावा लागला, तरी गाडीचा स्वभाव बदलत नाही. नवख्यासाठी ही फार मोठी मदत आहे. जातिवंत रेसरसाठी मात्र तोट्याची, कारण तो डुबकीचं हत्यार वापरत असतो.

मग रेसमध्ये या गाड्या का नाहीत? १९८० च्या दशकात एल्फ कंपनीच्या पाठिंब्यानं ५०० सीसीच्या स्पर्धेत रॉन हॅस्लम अशा गाडीवर उतरले होते. गाडी वेगवान होती, पण टेलिस्कोपिकचं राज्य हललं नाही. टायर बनवणारे, मेकॅनिक, रायडर, सगळ्यांची समज एकाच चिमट्यावर पोसलेली. शिवाय गाडी खूप झुकलेली असते तेव्हा खड्ड्याचा धक्का सस्पेन्शनच्या दिशेनं येत नाही, आडवा येतो. तिथे नळ्यांचं किंचित वाकणं उलट उपयोगी पडतं. जास्त ताठ यंत्रणा त्या क्षणी लाकडी वाटू शकते. म्हणून खूप झुकवून, खडबडीत वळणावर, पहिल्याच दिवशी शौर्य दाखवू नका.

पायरी ६ : ओला रस्ता

लोक इथे सर्वाधिक घाबरतात, आणि माझ्या मते चुकीच्या कारणासाठी. ओल्या रस्त्यावर पकड कमी, म्हणून ब्रेक कमी, म्हणून टेलिस्कोपिकची डुबकीही कमीच. तिथे शॉकअप तुम्हाला फारसं काही सांगत नव्हताच. पावसात खरी बातमी हँडलमधून येते: पकड सुटायला लागली की ते हलकं, पोकळ होतं. आणि नेमकी हीच बातमी हॉसॅक घराण्यात दुव्यांमधून गाळून येते. म्हणून ड्युओलीव्हर किंवा गोल्ड विंगवर पावसात मी बोटं सैल, कोपर खाली आणि अंतर दुप्पट ठेवतो. टेलिलीव्हरमध्ये हँडल अजून नळ्यांनाच जोडलेलं असल्यामुळे बातमी बऱ्यापैकी पोचते.

जुनी घेताना

जास्त सांधे म्हणजे झिजायला जास्त जागा, आणि प्रत्येक सांध्याचा केसाएवढा प्ले (ढिलेपणा) जमत जमत हँडलपर्यंत हातभर होतो. 'या प्रकारच्या गाडीला फील नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी झिजलेली गाडी चालवलेली असते. म्हणून तपासताना दोघं जा. एकानं गाडीवर बसून पुढचा ब्रेक धरायचा आणि गाडी पुढे-मागे हलवायची. दुसऱ्यानं प्रत्येक सांध्यावर आळीपाळीनं बोट ठेवायचं, अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. सांधा खुळखुळत असेल तर बोटाच्या टोकाला टिकटिक लागते. डोळ्यांना ती दिसत नाही. टेलिलीव्हरचा पुढचा बॉल जॉइंट, ड्युओलीव्हरचे वरचे-खालचे बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचा कात्रीदुवा, राजदूत आणि चेतकच्या लिंकचे बुश, ही आधी बघायची ठिकाणं. मग पुढचं चाक उचलून हँडल एका बाजूकडून दुसरीकडे संथ फिरवा. मध्येच खाच लागली तर भाव पाडा किंवा नाद सोडा.

बॉल जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाय का बघा. फाटला असेल तर आत पाणी आणि माती गेलीच समजा, विकणारा काहीही म्हणो. माझ्या एका ओळखीच्यानं अशी गाडी स्वस्तात घेतली. गॅरेजमध्ये कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) दोनदा बदलून झाला, बिल दोनदा झालं, खुळखुळ तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी दोन बोटं लावली आणि म्हणाले, "कोनसेट सोडा, बूट फाटलाय, हा गोळा गेलाय." सुटा भाग परदेशातून यायला दीड महिना लागला.

टायरही बघा. जीटीएस १००० ला पुढे १३०/६० मापाचा १७ इंची टायर लागतो. ते माप आता शोधून मिळवावं लागतं.

शेवटची पायरी : आपल्या गाडीवर परत

ही कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. दोन-तीन दिवस सपाट थांबणारी गाडी चालवून तुम्ही आपल्या नेहमीच्या गाडीवर बसाल, गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबाल आणि गाडी एवढी नाक खुपसेल की शॉकअपमधलं तेल गेलंय असं वाटेल. तेल तसंच असतं. सवय निघालेली असते. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी गल्लीतच वीसच्या वेगात चार-पाच हलके ब्रेक मारून घ्या. मी पहिल्या वेळी ते केलं नव्हतं आणि सरळ गॅरेज गाठून पोराला सील तपासायला लावले. त्यानं गाडी एकदा दाबून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, काल कुणाची गाडी चालवली?"